सशर्त स्वरूपण

सशर्त स्वरूपण म्हणजे स्प्रेडशीटमधील सेलचे दृश्य रूप तिच्यातील मूल्यानुसार किंवा वापरकर्त्याने ठरवलेल्या अटीनुसार आपोआप बदलण्याची सोय होय. ही सोय कंडिशनल फॉरमॅटिंग या नावानेही ओळखली जाते. गूगल शीट्स, मायक्रोसॉफ्ट एक्सेलची वेब आवृत्ती, झोहो शीट यांसारख्या ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये ती उपलब्ध आहे. अट पूर्ण झाली की सेलची पार्श्वभूमी, अक्षरांचा रंग किंवा ठसा बदलतो. अट पूर्ण होईनाशी झाली की सेल मूळ रूपात परत येते.

सशर्त स्वरूपणामुळे सेलमधील मूल्य बदलत नाही, केवळ त्याचे दिसणे बदलते. मात्र पत्रक पाहणारी व्यक्ती बहुधा आकड्याआधी रंग पाहते आणि त्यावरूनच 'अनुत्तीर्ण', 'थकबाकी' किंवा 'धोका' असा अर्थ लावते. त्यामुळे चुकीच्या सेलकडे निर्देश करणारा नियम, मूळ आकडे बरोबर असूनही, पाहणाऱ्याचा निष्कर्ष चुकवू शकतो.

इतिहास

वैयक्तिक संगणकावरील पहिली यशस्वी स्प्रेडशीट मानली जाणारी व्हिसिकॅल्क ही प्रणाली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केली आणि ती १९७९ मध्ये ॲपल २ संगणकासाठी उपलब्ध झाली. मायक्रोसॉफ्ट एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी व १९८७ मध्ये विंडोजसाठी आले. ऋण संख्या लाल अक्षरांत दाखवण्याची सोय संख्या-स्वरूपाच्या संकेतांतून मिळत असे. लाल शाईने तूट दाखवण्याच्या जमाखर्चातील प्रथेशी ती जुळणारी होती.

सशर्त स्वरूपण ही स्वतंत्र सोय एक्सेल ९७ मध्ये समाविष्ट झाली. तेव्हा एका सेलला जास्तीत जास्त ३ अटी लावता येत. एक्सेल २००७ मध्ये ही मर्यादा उठली आणि रंगश्रेणी, मूल्यपट्ट्या व चिन्हसंच हे नवे प्रकार आले. गूगलने २००६ मध्ये ब्राउझरमध्ये चालणारी आपली स्प्रेडशीट सादर केली. डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या नव्या आवृत्तीत वापरकर्त्याने स्वतः लिहिलेल्या सूत्रावर आधारित नियमांची सोय आली.

कार्यपद्धती

प्रत्येक नियमाचे तीन घटक असतात: नियम कोणत्या सेलना लागू आहे ती कक्षा, तपासायची अट आणि अट खरी ठरल्यास द्यावयाचे स्वरूप. गूगल शीट्समध्ये सेल निवडून 'फॉरमॅट' मेनूतील 'कंडिशनल फॉरमॅटिंग' हा पर्याय उघडल्यास उजव्या बाजूच्या पट्टीत हे तीन घटक भरता येतात. एक्सेलमध्ये हीच सोय 'होम' या टॅबवर असते.

संगणक कक्षेतील प्रत्येक सेलसाठी अट स्वतंत्रपणे तपासतो. उत्तर 'खरे' आले तर स्वरूप लागू होते, 'खोटे' आले तर होत नाही. पत्रकातील एखादा आकडा बदलल्यास तपासणी पुन्हा होते. हाताने दिलेला रंग आणि नियमाने आलेला रंग यांत हाच मुख्य फरक आहे. हाताने रंगवलेल्या सेलमधील गुण २८ वरून ४८ केले तरी लाल रंग तसाच राहतो. नियमाने आलेला रंग मात्र निघून जातो.

अटींचे प्रकार

बहुतेक ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये पुढील प्रकारच्या तयार अटी मिळतात:

• सेल रिकामी आहे किंवा नाही
• मजकुरात ठरावीक शब्द आहे किंवा नाही. मजकूर ठरावीक अक्षरांनी सुरू होतो किंवा संपतो
• तारीख ठरावीक दिवसाची, त्याआधीची किंवा नंतरची आहे
• संख्या ठरावीक मूल्यापेक्षा मोठी, लहान किंवा त्याच्याइतकी आहे. दोन मूल्यांच्या दरम्यान आहे

या अटी सेलमधील स्वतःच्या मूल्याची तपासणी करतात. एका स्तंभातील मूल्यावरून दुसऱ्या स्तंभातील सेल किंवा संपूर्ण ओळ रंगवायची असेल, तर सूत्रावर आधारित नियम लिहावा लागतो.

सूत्रावर आधारित नियम

या लेखातील सूत्रांत स्तंभांची व फंक्शनची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष पत्रकात ती रोमन अक्षरांत आणि अंक आंतरराष्ट्रीय स्वरूपात लिहिले जातात.

उदाहरणादाखल ६० विद्यार्थ्यांचे गुणपत्रक घेता येईल. पहिल्या ओळीत शीर्षके आहेत आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी ओळ २ ते ६१ मध्ये आहेत. स्तंभ ए मध्ये हजेरी क्रमांक, बी मध्ये नाव, सी मध्ये मराठीचे, डी मध्ये गणिताचे आणि ई मध्ये विज्ञानाचे गुण आहेत. त्यापुढचे स्तंभ रिकामे आहेत. गणितात १०० पैकी ३५ पेक्षा कमी गुण असलेल्या विद्यार्थ्याची पूर्ण ओळ रंगवण्यासाठी ए२:ई६१ ही कक्षा निवडून पुढील सूत्र दिले जाते:

=$डी२<३५

सूत्र लिहिताना ते कक्षेतील सर्वांत वरच्या डाव्या सेलसाठी, म्हणजे येथे ए२ साठी, आहे असे समजून लिहायचे असते. इतर सेलसाठी संगणक त्यातील संदर्भ त्या त्या प्रमाणात पुढे सरकवतो.

डॉलर चिन्हाचे कार्य

डॉलरचे चिन्ह ज्या अक्षरापूर्वी किंवा अंकापूर्वी असते तो संदर्भ सरकत नाही. वरील सूत्रात चिन्ह डी पूर्वी आहे, त्यामुळे स्तंभ स्थिर राहतो. २ पूर्वी ते नाही, त्यामुळे ओळ बदलत जाते. परिणामी बी१७ ही सेल असो वा ई१७, दोन्हींसाठी डी१७ मधीलच गुण तपासले जातात. चिन्हाची जागा बदलल्यास होणारे परिणाम पुढीलप्रमाणे आहेत:

• =डी२<३५ : स्तंभही सरकतो. ए२ साठी डी२ तपासली जाते, बी२ साठी ई२, सी२ साठी एफ२, आणि याप्रमाणे पुढे. नावाच्या सेलला विज्ञानाच्या गुणांवरून रंग मिळतो. एफ, जी व एच हे स्तंभ रिकामे असल्याने त्यांचे मूल्य ० धरले जाते आणि गुणांचे तिन्ही स्तंभ वरपासून खालपर्यंत रंगतात.
• =$डी$२<३५ : काहीच सरकत नाही. पहिल्या विद्यार्थ्याला ३५ पेक्षा कमी गुण असतील तर संपूर्ण तक्ता रंगतो, नसतील तर एकही ओळ रंगत नाही.
• =सी२<३५ आणि कक्षा सी२:ई६१ : येथे दोन्ही संदर्भ सरकणे अपेक्षित आहे. प्रत्येक विषयाच्या सेलला तिच्या स्वतःच्या गुणांवरून रंग मिळतो.

कक्षेची पहिली ओळ आणि सूत्रातील ओळ यांचा मेळ नसणे ही याहून लपून राहणारी चूक आहे. कक्षा ए१:ई६१ अशी निवडून सूत्र मात्र =$डी२<३५ असेच ठेवले, तर पहिल्या ओळीसाठी दुसऱ्या ओळीतील गुण तपासले जातात आणि प्रत्येक रंग एक ओळ वर सरकतो. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याऐवजी यादीत त्याच्या आधी असलेल्या विद्यार्थ्याची ओळ लाल दिसते. पत्रक वरवर सुव्यवस्थित दिसत असल्याने ही चूक पटकन लक्षात येत नाही. नियम तयार झाल्यावर यादीतील पहिली, मधली व शेवटची अशा किमान तीन ओळींचे आकडे रंगाशी ताडून पाहिल्यास ती पकडता येते.

रिकाम्या सेल आणि मजकूर

सूत्रातील तुलनेत रिकाम्या सेलचे मूल्य ० धरले जाते. त्यामुळे ज्यांचे गुण अजून भरलेले नाहीत अशा विद्यार्थ्यांच्या ओळीही वरील नियमाने रंगतात. ते टाळण्यासाठी सेल रिकामी नसल्याची अट जोडली जाते:

=अँड($डी२<>"",$डी२<३५)

मजकुराच्या बाबतीत परिणाम उलट होतो. अशा तुलनेत मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानला जातो. गुणांच्या जागी 'गैरहजर' असे लिहिले असल्यास 'गैरहजर' हे ३५ पेक्षा लहान ठरत नाही, ओळ रंगत नाही आणि परीक्षेला न बसलेला विद्यार्थी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसारखा दिसतो. अशा नोंदींसाठी वेगळ्या रंगाचा दुसरा नियम उपयोगी पडतो:

=अँड($डी२<>"",नॉट(इझनंबर($डी२)))

दुसऱ्या ठिकाणाहून चिकटवलेल्या आकड्यांत मोकळी जागा किंवा अवतरणचिन्ह राहून गेल्यास तेही मजकूर म्हणून साठवले जातात. वेगळी जुळणी निवडलेली नसल्यास संख्या सेलच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला दिसतो. ही प्राथमिक ओळख ठरते. देवनागरी अंकांत केलेली नोंद संख्या म्हणून स्वीकारली गेली आहे का, हेही इझनंबर फंक्शनने तपासून पाहता येते.

मर्यादामूल्य सेलमध्ये ठेवणे

३५ हा आकडा नियमात लिहिल्यास तो पत्रक पाहणाऱ्याला दिसत नाही. त्याऐवजी तो एच१ सारख्या सेलमध्ये लिहून =$डी२<$एच$१ असे सूत्र दिल्यास रंग कोणत्या कसोटीवर आला आहे हे सर्वांना दिसते आणि कसोटी बदलायची झाल्यास एकाच जागी बदल करावा लागतो.

तारखांवरील नियम

स्प्रेडशीटमध्ये तारीख ही दिवसांची संख्या म्हणून साठवली जाते, म्हणून तारखांची तुलना संख्यांप्रमाणेच करता येते. ग्रंथालयाच्या नोंदवहीत स्तंभ सी मध्ये पुस्तक परत करण्याची मुदत आणि डी मध्ये प्रत्यक्ष परतीची तारीख असेल, तर मुदत उलटूनही परत न आलेली पुस्तके पुढील सूत्राने दिसतात:

=अँड($सी२<>"",$डी२="",$सी२<टुडे())

येथे दोन गोष्टी परिणाम बदलू शकतात. पहिली म्हणजे पत्रकाची प्रादेशिक मांडणी. भारतात दिवस-महिना-वर्ष असा क्रम रूढ आहे, तर अमेरिकी मांडणीत महिना आधी येतो. अमेरिकी मांडणीच्या पत्रकात ०३/०४ ही नोंद ४ मार्च समजली जाते आणि १३/०४/२०२५ ही नोंद तारीख म्हणून ओळखली न जाता मजकूर म्हणून राहते. मजकूर संख्येपेक्षा मोठा ठरत असल्याने त्या पुस्तकाची मुदत कितीही उलटली तरी रंग येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कालविभाग. गूगल शीट्समध्ये टुडे हे फंक्शन पत्रकाच्या सेटिंगमधील कालविभागानुसार तारीख देते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वापरकर्त्याने तेथील कालविभागात तयार केलेल्या पत्रकात, भारतातील दुपारी साडेबारा किंवा दीडपर्यंत आदल्या दिवसाचीच तारीख धरली जाते. परदेशातील आणि भारतातील सदस्य मिळून वापरत असलेल्या पत्रकांत हे सेटिंग आधीच ठरवून घेणे हिताचे असते.

पुनरावृत्ती शोधणे

एकाच हजेरी क्रमांकाची किंवा पावतीची दुबार नोंद शोधण्यासाठी काउंटइफ फंक्शन वापरले जाते:

=काउंटइफ($ए$२:$ए$६१,$ए२)>१

यात शोधण्याची कक्षा चारही डॉलर चिन्हांनी स्थिर केलेली असते. ती स्थिर न केल्यास कक्षा ओळीगणिक खाली सरकते आणि दुबार नोंदींपैकी शेवटची नोंद रंगाविना राहते. एक्सेलमध्ये संख्येचे १५ सार्थ अंकच जपले जातात. त्यामुळे १६ किंवा त्याहून अधिक अंकी खाते क्रमांक मजकूर म्हणून साठवले असले, तरी पहिले १५ अंक सारखे असलेले दोन वेगळे क्रमांक काउंटइफला एकच वाटू शकतात.

रंगश्रेणी

रंगश्रेणीत 'खरे' किंवा 'खोटे' असा निवाडा नसतो. किमान व कमाल मूल्यांना एकेक रंग दिला जातो, हवा असल्यास मध्यबिंदूला तिसरा, आणि मधल्या मूल्यांना त्या प्रमाणात छटा मिळतात. ही टोके किमान-कमाल मूल्य, निश्चित संख्या, टक्केवारी किंवा शततमक यांपैकी कशावरही ठरवता येतात.

टोकांच्या निवडीचा परिणाम पावसाच्या नोंदींत स्पष्ट दिसतो. २६-२७ जुलै २००५ च्या २४ तासांत मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ही नोंद असलेल्या दैनंदिन पावसाच्या तक्त्याला ० साठी पांढरा व कमाल मूल्यासाठी गडद निळा अशी श्रेणी दिली, तर ६५ मिलिमीटरच्या दिवसाला गडदपणाचा सुमारे ७ टक्के आणि २०५ मिलिमीटरच्या दिवसाला सुमारे २२ टक्केच वाटा मिळतो. एका असाधारण नोंदीमुळे उरलेला सर्व तक्ता फिकट पडतो आणि पुरास कारण होऊ शकणारे दिवस साध्या सरीच्या दिवसांसारखे दिसतात. वरचे टोक ९५ व्या शततमकावर किंवा निश्चित संख्येवर ठेवल्यास हा दोष कमी होतो.

मान्य वर्गवारी उपलब्ध असल्यास रंगश्रेणीऐवजी स्वतंत्र नियम अधिक योग्य ठरतात. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर अतिमुसळधार आणि त्याहून अधिक पाऊस अत्यंत मुसळधार मानला जातो. महाराष्ट्रात पीकनुकसानीच्या संदर्भात अतिवृष्टीसाठी ६५ मिलिमीटरची मर्यादा वापरली जाते. म्हणजे ६४.८ मिलिमीटरची नोंद पहिल्या कसोटीवर मुसळधार ठरते, पण दुसऱ्या कसोटीवर अतिवृष्टी ठरत नाही. तक्त्यातील रंग कोणत्या कसोटीचा आहे हे म्हणूनच पत्रकावर लिहिणे आवश्यक असते. 'पेक्षा जास्त' आणि 'इतके किंवा जास्त' या अटींतील फरकही नेमक्या सीमेवरील नोंदींचा निकाल बदलतो.

नियमांचा क्रम

एकाच सेलला अनेक नियम लागू असतील आणि त्यांची स्वरूपे परस्परविरोधी असतील, तर यादीत वर असलेला नियम प्रभावी ठरतो. पावसाच्या तक्त्यात '६४.५ किंवा जास्त' हा नियम सर्वांत वर आणि '११५.६ किंवा जास्त' व '२०४.५ किंवा जास्त' हे नियम त्याखाली ठेवल्यास ३०० मिलिमीटरचा दिवसही पहिल्याच नियमाच्या रंगात दिसतो. अशा वेळी सर्वांत कडक अट वर ठेवावी लागते. 'दरम्यान' प्रकारच्या अटी वापरल्यास क्रमाचे बंधन राहत नाही. एक्सेलमध्ये एखादा नियम खरा ठरल्यावर पुढील नियम न तपासण्याचा पर्यायही असतो.

सामायिक पत्रकातील वापर

ऑनलाइन स्प्रेडशीट अनेक जण एकाच वेळी हाताळू शकतात. सशर्त स्वरूपणाचे नियम पत्रकाचा भाग असल्याने एका संपादकाने केलेला बदल सर्वांना दिसतो; केवळ वाचनाची परवानगी असलेल्यांना रंग दिसतात, पण नियम बदलता येत नाहीत.

अशा पत्रकांत नियम विस्कळीत होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नक्कल करून चिकटवणे. साध्या पद्धतीने चिकटवल्यास मूल्यासोबत मूळ सेलचे स्वरूप व नियमही येतात. त्यामुळे एका नियमाची कक्षा तुकड्यांत विभागली जाते आणि काही महिन्यांत एकाच अटीचे अनेक नियम यादीत जमा होतात. 'केवळ मूल्ये चिकटवा' हा पर्याय वापरल्यास हे टळते. मोठ्या पत्रकात नियमांची संख्या फार वाढल्यास पत्रक मंदावते. म्हणून नियमांची यादी अधूनमधून पाहून अनावश्यक नियम काढून टाकले जातात.

एका प्रणालीतील पत्रक दुसरीत उघडताना सर्व प्रकार टिकत नाहीत. गूगल शीट्सच्या सशर्त स्वरूपणात एकरंगी नियम व रंगश्रेणी हे दोनच प्रकार आहेत. एक्सेलमधील चिन्हसंचांना तेथे थेट पर्याय नाही. स्वल्पविरामांनी विभक्त केलेल्या साध्या मजकूर-धारिकेत पत्रक उतरवल्यास केवळ मूल्ये राहतात आणि सर्व नियम गळून पडतात.

रंगांची निवड व सुलभता

लाल आणि हिरवा ही जोडी सर्रास वापरली जाते, परंतु लाल-हिरव्या रंगांतील फरक ओळखण्यास अडचण येणाऱ्या व्यक्तींना ती उपयोगी पडत नाही. हे वैशिष्ट्य स्त्रियांपेक्षा पुरुषांत बरेच अधिक आढळते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुलभताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती पोहोचवण्यासाठी रंग हे एकमेव साधन असू नये. तसेच सामान्य आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांतील तफावतीचे गुणोत्तर किमान ४.५:१ असावे. निळा-नारिंगी जोडी निवडणे, रंगासोबत ठळक अक्षरे किंवा खोडरेघ वापरणे आणि शेजारच्या स्तंभात 'अनुत्तीर्ण' असा शब्दच सूत्राने आणणे हे यावरचे उपाय आहेत. शब्द लिहिलेला असल्यास कृष्णधवल छपाईत आणि पडदा-वाचक वापरणाऱ्यांसाठीही माहिती टिकून राहते.

मर्यादा

नियमाने आलेला रंग हा स्प्रेडशीटच्या दृष्टीने मूल्य नव्हे. गूगल शीट्स व एक्सेल यांत रंगावरून सेलची निवड-गाळणी करता येते, पण रंगीत सेल मोजणारे साधे अंगभूत फंक्शन नाही. मोजणी हवी असल्यास रंगामागील अटच काउंटइफसारख्या फंक्शनमध्ये पुन्हा लिहावी लागते. ही दुसरी मोजणी पडताळणीच्याही उपयोगाची असते. उदाहरणार्थ, =काउंटइफ(डी२:डी६१,"<३५") हे सूत्र रिकाम्या सेल वगळते, तर =$डी२<३५ हा नियम त्याही रंगवतो. रंगलेल्या ओळी आणि मोजणीचा आकडा जुळत नसल्यास बहुधा काही नोंदी रिकाम्या आहेत, असे त्यावरून कळते.

गूगल शीट्समधील सूत्र-नियमात त्याच फाइलमधील दुसऱ्या पत्रकाचा थेट संदर्भ देता येत नाही; त्यासाठी इनडायरेक्ट फंक्शनचा आधार घ्यावा लागतो. तसेच तेथे नियमाद्वारे अक्षरांचा आकार, सेलच्या कडा किंवा संख्येचे स्वरूप बदलता येत नाही. एक्सेलमध्ये कडा व संख्येचे स्वरूप बदलता येते, मात्र अक्षरांचा आकार तेथेही बदलता येत नाही.